धाकट्या जर्मन गाडीतून खडवलीला

गेल्या वैशाखात मी मोटारीतून खडवलीला जाऊन आले. तेव्हापासून पाड्यातली प्रत्येक बाई मला विहिरीवर अडवते आणि विचारते, "आये, गारी आतून कशी असते?" एकीला सांगून होत नाही तोवर दुसरी घागर खाली ठेवते. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढते आहे. मिठागराच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं लिहिलंय. ज्यांना वाचता येतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवावं आणि मला पाणी भरू द्यावं.

आधी कशाला गेले ते सांगते. मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात धवला गायल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आणि धवला एकटीनं गाता येत नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती खाली पडायच्या आत झेलायची. झेलणारीला झेलकरीण म्हणतात. माझी झेलकरीण हिराबाय. दिवा गावापासून खाडीकाठच्या सगळ्या पाड्यांतली लग्नं आम्ही दोघींनी लावली. आमचं पटलं मात्र कधी नाही. ती म्हणते मी ओळ फार वर लावते. मी म्हणते ती झेलताना खाली ओढते. पण दुसरी कोणी झेलायला बसली की माझी ओळ बंध सुटलेल्या पेंढीसारखी विस्कटते, हे खरं.

दोन वर्षांपूर्वी हिराबाय लेकीच्या बाळंतपणाला खडवलीला गेली. नदीवर धुणं धुताना दगडावरून घसरली आणि खुबा मोडला. हाड बसवणाऱ्यानं बसवलं, पण नीट बसलं नाही. तेव्हापासून ती तिथेच लेकीच्या ओटीवर पडून. आगगाडी खडवलीला थांबते, पण घरापासून स्टेशनापर्यंत बैलगाडीनं यावं लागतं. मागच्या साली तिच्या मुलानं, नामानं, तसं आणायचा घाट घातला होता. पहिल्याच ओहोळात बैलगाडीनं धक्का दिला आणि म्हातारी बेशुद्ध पडली. परत नेऊन निजवली.

आता नामाच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी चंद्री, आजीच्या मांडीवर वाढलेली, आणि हट्टी. तिनं बापाला सांगून टाकलं, "आजी झेलाला नसंल त मना हलद नको. तशीच पाठवा." नामानं समजावलं, आईनं दोन ठेवून दिल्या, तरी पोरगी तेच बोलते. डोंबिवलीकडची सोयरी माणसं आधीच म्हणत होती की धवला कशाला, भटजी आणि बँड पुरे. आता नवरीच हळदीला नाही म्हणते हे त्यांच्या कानावर गेलं असतं, तर लग्नच मोडलं असतं. नामा माझ्या दारात येऊन बसला. उठेच ना.

ठाणे

नामा ज्या शेठच्या मिठागरावर मुकादम आहे तो शेठ ठाण्याला तलावाजवळ राहतो. मी लग्नाचं आवतण घेऊन गेले. नारळ आणि हळदीचे तांदूळ हातात ठेवले. शेठ माणूस बरा आहे. म्हणाला, "गोमाबाय, नामाच्या मुलीला काय देऊ? चांगलं लुगडं देऊ?"

मी म्हटलं, "लुगडं नको. तीन दिवस तुमची गाडी द्या."

शेठ हसायला लागला. मग मी कशाला ते सांगितलं, तेव्हा हसायचा थांबला. दारातून शेठाणी बोलल्या, "गाडीच द्यायची तर माझ्या दिरांची मुंबईहून मागवा. लग्नाला शोभेल तरी. आमची काय, त्यातली धाकटी."

मला कळेना, गाडीत धाकटी-थोरली काय असते. तेव्हा त्यांनीच हात धरून मला गाडीपाशी नेलं आणि एकेक उणं दाखवलं. जर्मन कंपनी एकच, नाकावरची चांदणी तीच, पण ही सगळ्यात स्वस्तातली. जावेच्या गाडीत समोर लाकूड आहे, हिच्यात नुसता रंगवलेला पत्रा. जावेच्या गाडीत पायाखाली गालिचा, हिच्यात रबर. तिथे चामड्याची बैठक, इथे रेक्झिन. तिथे घड्याळ, इथे घड्याळाच्या जागी गोल झाकण. "आणि ही पेट्रोलवर चालत नाही," शेठाणी आवाज खाली आणून म्हणाल्या, "ट्रकचं तेल पिते. दारात आली की लोकांना वाटतं माल उतरवायला कोणी आलं."

मी गाडीकडे बघत होते. राखाडी रंग, अंग सगळं गोलसर, कुठे कोपरा नाही. पावसानं धुतलेल्या दगडासारखी चकचकीत. पत्र्यात मी दिसत होते, माझ्यामागे तलाव दिसत होता. मी दार उघडून लावून पाहिलं. आमच्याकडे दार लागतं म्हणजे आदळतं. हे दार शिंपला मिटतो तसं मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटवलं. शेठाणी म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. धाकटी अशी आहे तर थोरली बघायची मला गरज नाही."

कळव्याच्या पुलापासून कल्याणपर्यंत

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी निघाले. गाडी चालवायला पास्कल, ठाण्याचाच, चाळिशीचा, मिशीवाला. मागच्या पेटीत मी मिठाची गोणी ठेवायला गेले तर तो आडवा आला.

"मावशी, हे काय?"

"मीठ. खडवलीला द्यायला."

"मीठ आणि गाडी एकत्र नाय ठेवायचं. पत्रा खाऊन टाकते मीठ."

"पास्कल, शेठनं ही गाडी कशावर घेतली?"

"कशावर म्हणजे?"

"मिठावर. मग?"

गोणी त्यानं मेणकापडात गुंडाळली, पण शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. आम्ही खाडीची माणसं आतल्या मुलखात कुठे पाहुणे गेलो तर मीठच नेतो. तिकडची माणसं खाडीचं मीठ सणासारखं घेतात. नारळ घेऊन जाणाऱ्यांना हे कळायचं नाही.

गाडी सुरू व्हायच्या आधी एक गंमत असते. पास्कल एक दांडी अर्धी ओढून धरतो आणि थांबतो. समोरच्या पत्र्यात छोट्या भोकामागे एक तार आहे. ती आधी काळी असते, मग तांबडी होते, मग निखाऱ्यासारखी पेटते. तशी पेटली की दांडी आणखी ओढायची, मग इंजिन उठतं. "तार लाल झाल्याबिगर ही हलायची नाय," पास्कल म्हणाला. मला ते आवडलं. आमच्याकडेही दिवा लागल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. पेट्रोलच्या गाड्यांना हे नसतं म्हणे. त्या तशाच पळत सुटतात.

उठल्यावर मात्र आवाज खरंच ट्रकचा. टक टक टक टक. पण तो आवाज बाहेरच्यांना. आत काचा चढवल्या की लांब कुणीतरी कांडतंय एवढंच वाटतं.

कळव्याचा पूल ओलांडला आणि आमची मिठागरं दिसायला लागली. जन्म त्या चिखलात गेला. पाय फुटले, टाचांच्या भेगांत खार गेला. पण मिठागर मी कधी असं पाहिलं नव्हतं. वाकलेल्या माणसाला पायाखालचा एक वाफा दिसतो. इथून सगळे वाफे एकदम दिसले, आरशांसारखे मांडलेले, आणि त्यांच्या कडेनं मिठाच्या पांढऱ्या राशी ओळीनं. उन्हात डोळे दिपले. मी पास्कलला म्हटलं, "हळू घे." तो म्हणाला, "हळूच आहे मावशी, ही जोरात जातच नाय." मला वाटलं, हे आम्ही केलं? आम्हीच केलं होतं.

मुंब्र्याला डोंगराच्या अंगावर देवीचं देऊळ आहे. तिथे मी अनवाणी चढून गेलेली आहे. खाली रस्त्यावरून मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. गाडीच्या काचेतून मागे टेकूनच देऊळ दिसलं. हात जोडले, पण बसल्या बसल्या जोडले म्हणून बरं वाटेना. पास्कलला थांबवलं, उतरले, पुन्हा जोडले.

शीळ गावापासून पुढे रस्ता मुरमाचा आहे. खड्डे आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. आता खरं कळणार होतं, कारण ज्यासाठी गाडी मागितली ते इथेच होतं. मी पाण्यानं भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसले. पास्कलला सांगितलं, तुला जायचं तसं जा. चाक खड्ड्यात जायचं ते मला दिसायचं, पण गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी खाली जाऊन वर यायची. तांब्यातलं पाणी काठापर्यंत यायचं आणि माघारी फिरायचं. काटईपर्यंत माझं लुगडं कोरडं होतं. मी तांब्याला हात लावून पास्कलला म्हटलं, "आणता येईल रे तिला." तो म्हणाला, "मी काय म्हणतो मग!" तो काही म्हणाला नव्हता.

डोंबिवलीच्या बाजूला शेतात नवे बंगले उभे राहतायत, लाल कौलांचे. मधे भातखाचरं मोकळी. कल्याणच्या पुढे सिंधी निर्वासितांची छावणी आहे, लष्करी बराकींची. तिथे पाणी मागायला थांबलो. एका म्हाताऱ्यानं खाट सरकवून मला बसवलं. त्याच्या बायकोनं पाण्याबरोबर भाजलेला पापड आणला. आमच्याकडे पाण्याबरोबर गूळ देतात. मी पापड हातात धरून बसले, म्हटलं, तहानेला पापड? पण मिरी घातलेला तो पापड खाल्ला आणि पाणी प्यायले तेव्हा पाणी गोड लागलं. गूळ खाऊन पाणी पितो तेव्हा पाण्याला चव राहत नाही. हे मला इतक्या वयात कळलं.

म्हातारा गाडीभोवती फिरून आला. त्यानं विचारलं, "किधर की है?" पास्कलनं सांगितलं, "जर्मनी." म्हातारा नाकावरची चांदणी निरखत म्हणाला, "उनका तो सब जल गया था. फिर भी बना ली." मग आपल्या बराकीकडे बघून म्हणाला, "हम भी बना रहे हैं." तिथे भिंतीला भिंत लावून त्यानं दुकानाचा ओटा घातला होता. गिलावा ओला होता. लढाई हरून मातीत गेलेला देश दहा वर्षांच्या आत असं दार बनवतो, हे मला त्याच्याकडून समजलं. मी त्याला पेटीतलं मूठभर मीठ दिलं. दुसरं काही नव्हतं.

खडवली

खडवलीच्या अलीकडे नदीत उतरावं लागतं. उन्हाळ्याचं पाणी गुडघ्याएवढं. मला वाटलं, इथे अडलं. पेट्रोलच्या गाडीच्या पोटात ठिणगी असते, ती भिजली की गाडी बसते, हे मी शेठच्या जुन्या गाडीचं पाहिलेलं होतं. पास्कल म्हणाला, "हिला ठिणगीच नाय, मग भिजंल काय?" आणि टक टक करत नदी ओलांडून गेला. पलीकडे जाऊन त्यानं गाडी फडक्यानं पुसली. "गोडं पाणी हाय, काय होत नाय," म्हणाला. खाऱ्याबद्दल तेव्हा आम्ही दोघेही बोललो नाही.

हिराबायची लेक सखू. तिनं आम्हाला बघून आधी पदर तोंडाला लावला आणि मग चुलीकडे पळाली. नदीचे मासे तळले, तांदळाची भाकरी, कैरीचं आंबट. करवंदं पानात. आम्ही खाडीचे मासे खाणारे. नदीचा मासा मला मवाळ लागला, त्याला चव बाहेरून द्यावी लागते. मी तसं सांगितलं. सखूला राग आला, पण मीठ बघून गेला.

हिराबाय ओटीवर कुशीवर पडली होती. अर्धी झाली होती. मला बघून म्हणाली, "मेली नाय तू?"

मी म्हटलं, "तुला न्यायला आलेय. चंद्रीची हळद आहे उद्या."

"मना ठावं हाय. मी नाय येत. बैलगारीत मेलेली मी एकदा."

"बैलगाडी नाही, मोटार आहे."

"मोटारीत मरंन मंग." थोडा विचार करून म्हणाली, "ते बरं दिसंल. लोकं सांगतील, हिराबाय मोटारीत मेली."

"तुझ्यासाठी शेठची गाडी आणली आणि तू मरायच्या गोष्टी करतेस? मेलीस तर पास्कलला बैठक धुवावी लागेल."

ती हसली. हसताना खुबा दुखला, तोंड वाकडं झालं. मग डोळे मिटून म्हणाली, "गोमा, येईन मी. पन झेलायचं बोलू नको. दोन वर्सं तोंडातून सूर काढला नाय. माजा आवाज गेला."

 चंद्रीनं काय अट घातली आहे ते मी तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

परतीची वाट

हळदीचा दिवस पौर्णिमेचा होता. आम्हा खाडीच्या माणसांना तिथी कळली की पाणी कळतं. पौर्णिमेला दुपारी उधाणाची भरती. आमच्या पाड्याला जाणारा बांध एका जागी खचलेला आहे, तिथे उधाणाचं पाणी वर चढतं. म्हणजे ऊन डोक्यावर यायच्या आत बांध ओलांडायला हवा होता. त्या हिशेबानं उजाडायच्या आत निघालो.

हिराबायला गोधडीसकट उचलून मागच्या बैठकीवर निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. उचलताना ती किंचाळली, ते मी लिहीत नाही. पण एकदा टेकल्यावर शांत झाली. पास्कलनं तार पेटवली. तिनं मान वाकडी करून तो तांबडा ठिपका पाहिला.

"ते काय?"

"दिवा लावतोय."

"देवाचा?"

"गाडीचा."

"एकच समज," हिराबाय म्हणाली.

नदी ओलांडली, खड्डे आले, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. खड्ड्यात चाक गेलं की ती डोळे गच्च मिटायची, धक्क्याची वाट बघायची आणि धक्का यायचाच नाही. असं चार-पाच वेळा झाल्यावर तिनं डोळे मिटायचं सोडलं. काचेतून झाडं बघायला लागली. म्हणाली, "खाट चालली असं वाटतं गं." मग बऱ्याच वेळानं, "कोनी केली ही?" मी म्हटलं, "जर्मन माणसांनी." ती म्हणाली, "त्यांच्या आयांचे खुबे मोडलेले असतील."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कल्याणला तेल भरायला थांबलो आणि तिथे वेळ गेला. पंपावरचा माणूस समोरून आला, गाडी बघितली आणि सलाम ठोकला. पास्कलनं डिझेल सांगितलं. माणूस हलेना.

"साहेबाच्या गाडीत ट्रकचं तेल? मी नाही घालणार."

"अरे ही त्यावरच चालते."

"माझी नोकरी जाईल. इंजिन बसलं की तू म्हणशील यानं घातलं. मालकाला येऊ दे."

"मालक कधी येतो?"

"पूजा आटोपून."

सूर्य वर चढत होता. गाडीतून हिराबायनं विचारलं, "काय झालं?" मी खाली उतरले. त्या माणसाला म्हटलं, "बाबा, तुझं बरोबर आहे. नको घालू. पण एक कर." पास्कलला गाडी सुरू करायला लावली. तार लाल झाली, गाडी टक टक करायला लागली. मी त्या माणसाचा हात धरून त्याला गाडीच्या नाकाशी नेऊन उभं केलं. "ऐक. हा आवाज साहेबाचा आहे की ट्रकचा?"

त्यानं ऐकलं. मागे जाऊन धूर हुंगला. टाकीचं झाकण काढून तेही हुंगलं. तरी त्याचा विश्वास बसेना. मग एक ट्रकवाला उतरून आला, त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "आपलीच बहीण आहे, घाल." तेव्हा त्यानं तेल घातलं. पण ऊन डोक्यावर आलं होतं.

बांधावर

बांधापाशी पोहोचलो तेव्हा पाणी चढलेलं होतं. खचलेल्या जागी आठ-दहा माणसं आडवी झोपतील एवढं पाणी पसरलं होतं. कमरेच्या वर. पलीकडे नामा उभा, त्याच्यामागे बायका हळदीची ताटं घेऊन, मांडव मागे दिसत होता. आमची गाडी बघून सगळे ओरडले. मग गाडी थांबलेली बघून पाण्याच्या कडेला आले.

मी पास्कलकडे बघितलं. तो म्हणाला, "नाय मावशी. नदीत नेली, कारण गोडं पाणी होतं. हे खारं हाय आणि वर कमरेएवढं. आत बैठकीवर पाणी चढंल आणि उद्यापासून गाडी खालनं सडंल. शेठला मी काय सांगू?" त्याचं खरं होतं. मीठ काय करतं हे मला कोणी सांगायला नको. पायांकडे बघितलं की कळतं.

ओहोटी लागून बांध मोकळा व्हायला दिवेलागण झाली असती. आणि हळद सूर्य बुडायच्या आत लागली पाहिजे, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेच नवरीला डोंबिवलीकडे निघायचं होतं. नामा पाणी तुडवत अलीकडे आला. चार माणसं आणि खाट आणायला निघाला. त्यानं आईच्या काखेत हात घातला मात्र, हिराबायनं अशी हाक मारली की त्याचे हात गळून पडले. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मना नको हलवू," ती म्हणाली. "बाबा रं, नको हलवू."

नामा बांधावर उकिडवा बसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आये, चंद्रीला होरीतून अलीकडे आनू कं?"

पलीकडून त्याच्या बायकोनं ते ऐकलं. ओरडली, "नवरी पानी वलांडत नाय हलदीच्या दिशी! आये, तूच सांगतेस ना!"

सांगते. नेहमी सांगत आले. हळदीच्या दिवशी नवरीनं वेस आणि पाणी ओलांडायचं नाही. त्यापायी मी एका नवरीला मामाच्या दारातून परत आणलेली आहे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण लग्नात धवलारणीचा शब्द शेवटचा. पण दुसरंही एक आहे, तेही मीच सांगते. धवला सुरू झाला की मधे तुटू द्यायचा नाही, आणि जिथे धवला सुरू झाला तो मांडव. नवरीनं तिथे यायचं. फक्त, ओळ टाकली आणि झेलली गेली, तरच धवला सुरू झाला असं होतं. नुसती टाकलेली ओळ म्हणजे काही नाही.

मी नामाला सांगितलं, आंब्याचा टहाळा आण. तो आणला. गाडीच्या नाकावर त्या चांदणीला बांधला. मग मी आत बसले, हिराबायचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं, दार उघडं ठेवलं. पास्कलला म्हटलं, "ते टक टक बंद कर."

"बंद केली तर परत उठंल का सांगता येत नाय. सकाळपासून तार तापवून तापवून बॅटरी दमली."

"मग राहू दे."

मी ओळ टाकली, गणपतीच्या आवतणाची, पहिली असते ती. पाण्यावरून ती पलीकडे गेली. बायका ताटं धरून उभ्या. हिराबाय डोळे मिटून पडलेली. ओळ पडली.

मी खाली वाकून तिच्या कानात सांगितलं, "तुझ्या नातीनं शपथ घातली आहे. तू झेलली नाहीस तर ती हळद न लावता जाणार."

हिराबायनं डोळे उघडले. "आनि हे तू मना आता सांगतेस?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस?"

"रांडे," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी पुन्हा टाकली. माझा आवाज शेवटाला फाटला. काही नाही. गाडी टक टक करत होती. पलीकडे कुणीतरी पदर नाकाला लावला. माझ्या गुडघ्यापाशी काहीतरी हलतंय असं वाटलं. बघितलं तर हिराबायचं बोट रेक्झिनवर वाजत होतं, गाडीबरोबर, टक टक टक टक. बांध चोपताना आम्ही बायका लाकडी फळ्यांनी असाच ठेका धरतो. आम्ही दोघी तिथेच झेलायला शिकलो, बांधावर, चिखल चोपताना.

मी तिसऱ्यांदा टाकली, त्या टक टकीवर. ओळ संपायच्या आत खालून आवाज आला. चिरका, बारीक, पण आला. ओळ तिनं झेलली आणि नेहमीसारखी खाली ओढली.

पलीकडे बायकांनी एकदम गलका केला. नामानं होडी ढकलली. चंद्री ताट मांडीवर घेऊन होडीत बसली होती, मुसमुसत. मी दुसरी ओळ टाकायला श्वास घेतला तेवढ्यात मांडीवरून हिराबाय म्हणाली,

"वर लावलंस गं. दोन वर्सांत बी सुधारली नाय."

हळद गाडीतच लागली. चंद्री मागच्या बैठकीवर आजीच्या पायांशी बसली. पहिली बोटं हिराबायनं लावली, पडल्या पडल्या, मग मी. पास्कल दोन्ही हात डोक्याला लावून बाहेर उभा होता. कुणीतरी त्याच्याही गालाला हळद फासली. दिवेलागणीला पाणी उतरलं तेव्हा गाडी कोरड्या बांधावरून मांडवापर्यंत गेली, टहाळ्यासकट. दुसऱ्या दिवशी नवरी त्याच गाडीतून डोंबिवलीकडे गेली. सोयऱ्यांचा बँड होता. गाडीचा आवाज ऐकून बँडवाल्यांनी मागे वळून पाहिलं, ट्रक आला की काय म्हणून.

हिराबाय आता नामाच्या घरी आहे; त्याच्या-माझ्या घरात एकच भिंत. पडूनच असते. दिवसभर भिंतीतून माझ्या चुका सांगत असते.

गाडी परत करायला मीही ठाण्याला गेले. पास्कलनं रबर धुतलं होतं, पत्रा पुसला होता. रेक्झिनवरचा डाग मात्र जाईना. लिंबू लावलं, राख लावली, घासलेट लावलं. मागच्या बैठकीवर चार बोटं आणि एक अंगठा, पिवळाधम्मक. शेठनं वाकून डागाला बोट लावून पाहिलं. शेठाणी म्हणाल्या, "आता हे काय? आधीच हिच्यात काही नाही."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या जावेच्या गाडीत घड्याळ आहे. हळद आहे का?"